काट्याचा पाना

भात पिवळं पडायला लागलं की आमच्या गावावरून सायकलवाले जायला लागतात. पावसात ते कुठे दडून बसतात कोण जाणे. पण रस्त्यावरचा चिखल वाळून त्याची धूळ झाली, सकाळी गवतावर दव दिसायला लागलं, की रविवारी उजाडता उजाडता जुन्या हायवेवरून ही माणसं खोपोलीच्या दिशेनं निघालेली दिसतात. अंगाला चिकटलेले भडक सदरे, डोक्यावर टोपलीसारखी हेल्मेटं. एवढ्या महागाच्या सायकली घेतल्यात म्हणजे घरी गाडी असणारच, मग हे पाय का मारतात, हा आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना पडलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.

मला ते दिसण्याआधी ऐकू येतात. कुंभिवलीच्या पुढे रस्ता थोडा उतरतो. तिथे पायडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून बारीक करकर निघते. आमचं माहेरचं घर रस्त्यापासून दोन शेतं आत आहे, तरी सकाळच्या शांततेत तो आवाज थेट ओसरीपर्यंत येतो. मग मी हातातलं काम टाकून उगाच ऐकत राहते. आवाज पुढे गेला की बरं वाटतं, आणि पुढे गेला म्हणूनच वाईटही वाटतं. कारण एकेकाळी त्यातला एक आवाज आमच्या बांधाशी येऊन थांबायचा. तो माझा धाकटा भाऊ, दिनू. याच हंगामात, खळ्यावर भारे आलेले असताना, तो असाच एका रविवारी घाट उतरायला गेला आणि परत आला नाही.

काही वर्षं झाली त्याला. घरात कुणी मोजत नाही. आमचं कॅलेंडर म्हणजे भात. ते पिवळं पडलं की आईची झोप उडते, आप्पांचं जेवण कमी होतं, आणि मी कर्जतहून दर सुट्टीला माहेरी जायला लागते. कापणीला मदत म्हणून जाते असं सासरी सांगते. खरं तर आता माझ्या हातून चार पेंढ्याही धड बांधून होत नाहीत. कर्जतला एका औषधांच्या दुकानात बसून गोळ्या मोजणारी बाई मी, माझी शेतात मदत किती होणार ते सगळ्यांना माहीत आहे. पण कुणी बोलत नाही.

यंदा गेले तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. इकडचं तिकडचं झालं, मुलाची शाळा झाली, भाताला यंदा तुडतुडा लागला होता ते झालं. मग खळ्याकडे बघत ते म्हणाले, "मला एक पाना आणून दे गं. टॉर्कचा. मोजून आवळायचा, सायकलीला लागतो तो बारका. पन भरवशाचा आन."

मला हे ऐकून किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. दिनू गेल्यापासून आप्पांनी एकाही स्क्रूला हात लावला नव्हता. शेजारची पोरं पंक्चर, चेन, ब्रेक घेऊन यायची, तर ते त्यांना नाक्यावर पाठवायचे. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली ती गेली. आता हा माणूस आपण होऊन पाना मागतोय म्हणजे गाडी रुळावर आली, असं मी धरून चालले. आईलाही तसं सांगितलं. तिनं त्या दिवशी पातवड्या केल्या.

आप्पा मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. जन्म शेतकऱ्याच्या घरातला, पण हात घडला तो कंपनीत. पाइपाला पाइप जोडायचा, मध्ये गळू नये म्हणून गॅस्केटची चकती घालायची आणि गोल रांगेतले बोल्ट आवळायचे. त्या पाइपातून कधी वाफ जायची, कधी ॲसिड. बोल्ट ढिला राहिला तर माणसाची कातडी जाते, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षात डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या वरच्या मिस्त्रीनं त्यांना शिकवलेलं एकच शास्त्र होतं. बोल्ट बसला असं वाटलं की तिथं थांबायचं नाही, वर आणखी जरासं आवळायचं. गळण्यापेक्षा घट्ट बरं. पुढे कंपनीत मोजून आवळायचे मोठे पाने आले, साहेब लोक आकडे सांगायला लागले. आप्पा ते पाने वापरायचे, आणि साहेब पुढे गेला की हातानं जरासं आणखी आवळायचे.

ही सवय कंपनीच्या गेटात थोडीच राहते. आमच्या घरात नळ बंद केला की तो उघडायला पुन्हा आप्पाच लागायचे. लोणच्याची बरणी, गॅसचा रेग्युलेटर, कुकरच्या दांड्याचा स्क्रू, पाण्याची बाटली, सगळ्याची तीच गत. आई बरणी घेऊन शेजारी जायची, शेजारचे दोघं तिघं झटायचे आणि हसत परत पाठवायचे. आप्पांनी लावलेलं आता देवानंच येऊन सोडवावं, असं गावात म्हणायचे. आप्पांना त्याचा अभिमानच होता. आपण आवळलेलं कधी सुटलं नाही, हे ते पाहुण्यांना चहा पिता पिता सांगायचे.

दिनूही त्याच कंपनीत लागला, पण स्टोअरमध्ये. त्याच्या अंगात घामाचं काम नव्हतं असं आई म्हणायची, आणि तोच पोरगा रविवारी पहाटे उठून घाट चढायला जायचा. त्याच्याबरोबरचे लोक पनवेलचे. त्यांच्यातल्याच कुणाची तरी जुनी सायकल त्यानं घेतली. काळी, सडपातळ, इतकी हलकी की आप्पांनी ती दोन बोटांवर उचलली आणि म्हणाले, "हा तर सांगाडा हाय रं. सायकल कुठं हाय?" तिचं हँडल कार्बनचं होतं. लोखंड नाही, पत्रा नाही. दिनूनं नखानं टिचकी मारून दाखवली, तर सुक्या लाकडासारखा आवाज आला. आप्पांचा चेहरा अजून आठवतो. या असल्या वस्तूवर आपला पोरगा घाट उतरणार, ही गोष्ट त्यांच्या पोटात बसली ती बसलीच.

मग दर शनिवारी संध्याकाळी एक कार्यक्रम सुरू झाला. उन्हं कलली की आप्पा सायकल खळ्यावर घ्यायचे, उलटी सुलटी करून तपासायचे, चाकं फिरवून बघायचे, आणि शेवटी हँडल धरणारे चार बारके स्क्रू आवळायचे. ते स्क्रू आठवड्यात काही ढिले होत नाहीत. पण आप्पांना हात लावल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि हात लावला की जरासं आणखी आवळल्याशिवाय तो मागे यायचा नाही. मी एकदा दिनूला म्हटलं, असं सारखं आवळून चालतं का रे? तो चहात बटर बुडवत होता. म्हणाला, "करू दे गं ताई त्यांना. त्यांना रात्रीची झोप लागते." बापाची माया कशात असते, तर आमच्या बापाची त्या चार स्क्रूंत होती. आणि दिनूला ती कळत होती.

त्या वर्षीचा तो आठवडा माझ्या मनात सलग असा नाहीच. तुकडे आहेत. शेजारच्या खळ्यावर झोडणी चाललेली, भारा फळीवर आपटल्याचा धप्प धप्प आवाज. अंगाला चिकटलेली भाताची कुसं, कितीही आंघोळ केली तरी मानेशी टोचणारी. ओल्या पेंढ्याचा गोडसर वास. आप्पांच्या डोक्यावरचं मुंडासं. मग बांधावरून पळत येणारा काका, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, एक चप्पल पायात, एक हातात. तो काय बोलला ते मला आठवत नाही. पण शेजारची झोडणी थांबली ते आठवतं. एकदम सगळीकडे इतकं शांत झालं की लांब, ठाकुरवाडीच्या बाजूला घाट चढणाऱ्या मालगाडीचं इंजिन ऐकू आलं.

खोपोलीच्या वर, उतारावर, हँडल मोडलं. समोर गाडी नव्हती, रस्त्यात दगड नव्हता, कुणाचा धक्का नव्हता. बरोबरचे लोक तेवढंच सांगू शकले. सायकल टेंपोतून घरी आली तेव्हा आप्पांनी ती पाहिली. हँडल मोडलं होतं ते टोकाला नव्हे. स्क्रूंनी ज्या जागी ते धरून ठेवलं होतं, बरोबर त्या जागी मोडलं होतं. आप्पा तिथं बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. काकानं ती सायकल दिवस संपायच्या आत भंगारात घालून टाकली. डोळ्यांसमोर नको, एवढाच त्याचा हेतू होता.

जुनी वस्तू होती, आधीच चीर असेल, असं दिनूचे मित्र म्हणाले. तेही खोटं नसेल. आयुष्याची दोरी तेवढीच, असं गाव म्हणालं. भेटायला आलेला प्रत्येक माणूस आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगायचा, तुमचा काय दोष. आप्पांनी कुणाला काही विचारलेलं नसायचं. तरी लोक हे सांगायचे, आणि सांगितल्यावर आप्पा मान हलवायचे. मीही तेच सांगितलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ते इतक्या वेळा सांगितलं की घरात दुसरं काही बोलायला जागाच उरली नाही.

पण त्यांचा हात ऐकत नव्हता. जेवताना, टीव्हीसमोर, एसटीची वाट बघताना, त्यांचा उजवा हात मांडीवर पडल्या पडल्या फिरायचा. बोटं काहीतरी धरल्यासारखी जुळायची आणि मनगट थोडंसं वळायचं, थांबायचं, मग आणखी जरासं वळायचं. त्यांना स्वतःला ते कळत नसे. आईला दिसलं की ती त्यांच्या त्या हातात काहीतरी द्यायची, सोलायला शेंगा, नाहीतर धरायला ताट. मला तो हात बघून भीती वाटायची. मेलेलं माणूस घरात वावरतं असं म्हणतात. आमच्या घरात दिनू वावरत नव्हता, तो शनिवार वावरत होता.

तर असा सगळा इतिहास असताना, मी आनंदानं पाना आणायला निघाले.

कर्जतला माझ्या दुकानाच्या पुढच्या गल्लीत रफिकभाईंचं सायकलचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांपासूनचं. पूर्वी भाड्याच्या सायकली, आता शनिवार-रविवारच्या शहरी लोकांच्या महागड्या सायकलींची दुरुस्ती. माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येतात, त्यामुळे ओळख घरची. मी म्हटलं, टॉर्कचा पाना हवाय, भरवशाचा. त्यांनी आधी मला स्टुलावर बसवलं. गाडीच्या गॅरेजमधला मोठा पाना सायकलीला चालत नाही, कारण तो जिथून मोजायला सुरुवात करतो तिथवर सायकलीचा स्क्रू तुटून गेलेला असतो, हे समजावलं. मग काचेवर पाने मांडले. एकात आकडा लावून ठेवायचा, तेवढं आवळून झालं की तो टक् करून सांगतो. ह्यात आत स्प्रिंग असते, काम झालं की ती मोकळी सोडायची, नाहीतर हळूहळू पाना खोटं बोलायला लागतो. दुसरा अगदीच साधा. लांब दांडा, त्याच्या बाजूनं एक बारीक सरळ काटा, आणि हाताशी आकड्यांची पट्टी. जोर लावला की दांडा वाकतो, काटा जागेवर राहतो, आणि पट्टीवर किती जोर लागला ते दिसतं.

"दुरुस्तीला टक् वालाच न्या," रफिकभाई म्हणाले. "काट्याचा आता कोण घेत नाय. काम करताना आकडा बघत बसावं लागतं."

तरी विचारून घ्यावं म्हणून मी तिथूनच आप्पांना फोन लावला. दोन्ही पाने कसे असतात ते आप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टक् वाला नको. तो फकस्त झालं एवढं सांगतो. किती झालं ते नाय सांगत. मला काट्याचा पायजे."

फोन ठेवला आणि मला कळलं. आवळायला पाना हवा असतो त्याला काटा लागत नाही. काटा लागतो तो मोजायला. आप्पांना कुणाची सायकल दुरुस्त करायची नव्हती. त्यांना स्वतःचा हात मोजायचा होता. एवढी वर्षं मांडीवर फिरणाऱ्या त्या हाताला एकदाच आकडा लावून बघायचा होता, पोराचं हँडल आपण चिरडलं की नाही.

तिथेच काचेवर आणखी एक काट्याचा पाना पडला होता, कुठल्यातरी ऑनलाइन दुकानातला, स्वस्तातला. कुणीतरी परत आणून टाकलेला. रफिकभाईंनी एकाच स्क्रूला आधी चांगला लावून दाखवला, मग हा. चांगल्यानं आठ दाखवले तिथे ह्यानं पाच. असला पाना नुसत्या हातापेक्षा वाईट, असं ते म्हणाले, कारण हातावर माणूस शंका तरी घेतो. सायकलीच्या हँडलला किती लागतात, असं मी विचारलं. बहुतेक पाच, ते म्हणाले, त्यावर गेलं की कार्बनला चीर जाते.

मी तो खोटा पाना हातात घेऊन उभी राहिले. लपवत नाही, मला तो हवा होता. आठाचे पाच करणारी वस्तू, आणि ती मागूनही कुणाला संशय आला नसता. आप्पांनी कितीही आवळलं असतं तरी काट्यानं त्यांना सोडून दिलं असतं. एका म्हाताऱ्या माणसाला शांत झोप लागली असती, कुणाचं काय गेलं असतं? दिवसभर मी लोकांना सांगत असते की गोळी अर्धी म्हणजे अर्धी, मनानं कमी-जास्त करू नका. आणि इथे माझ्याच बापाच्या बाबतीत मला चुकीचं माप हवं होतं. रफिकभाई माझ्याकडे बघत होते. त्यांना दिनू ठाऊक होता. त्यांनी काहीही न विचारता तो पाना माझ्या हातातून काढून घेतला आणि चांगला कागदात गुंडाळला. भंगारातला एक हँडलचा तुकडा आणि तो धरणारी चार स्क्रूंची पकडही पिशवीत टाकली. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. "भरवशाचा मागितलाय ना त्यांनी," एवढंच म्हणाले.

पुढच्या सुट्टीला दुपारी आप्पांनी पेटी माळ्यावरून खाली घेतली. ओसरीसमोरच्या पिंपावर पकड ठेवून मला धरायला लावली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला होता. शेजारच्या खळ्यावर झोडणी चालली होती. आप्पांनी जुनी एल आकाराची चावी घेतली आणि चार स्क्रू आवळले, पूर्वीसारखेच, बसल्यावर थांबून, मग आणखी जरासं. मला त्यांच्या हाताकडे बघवेना. मग त्यांनी पाना पुढे केला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पट्टीवरचे आकडे दिसत नाहीत. "मी हळू वढतो. हातानं जेवढा आवळलाय तेवढा जोर लागला की स्क्रू जरा हलंल, तवा काटा कुठं हाय ते सांग," ते म्हणाले. "वरनं सरळ बघ. तिरकं बगितलं की आपल्याला पायजे तो आकडा दिसतो."

मी सरळ पाहिलं. स्क्रू हलला तेव्हा काटा पाचावर होता.

माझा विश्वास बसेना. दुसरा स्क्रू, तोही पाच. तिसरा त्याहून किंचित कमी. मी आकडे सांगत गेले आणि माझा आवाज चढत गेला. आप्पांना वाटलं मी खोटं सांगतेय. त्यांनी आईला हाक मारली. आई पदराला हात पुसत आली, वाकली, चौथ्या स्क्रूला तिनं स्वतः काटा वाचला. "पाचवर हाय," ती म्हणाली, आणि खाली बसून रडायला लागली. "मी काय सांगत व्हते तुमाला? इतकी वर्सं काय सांगत व्हते?"

आप्पा पाना हातात धरून तसेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल म्हणून मी बघत होते, ती काही दिसली नाही.

"हा आत्ताचा हात हाय," ते म्हणाले. "परवा मला खोकल्याच्या बाटलीचं झाकन उघडलं नाय, तुज्या आयेनं उघडून दिलं. तवाचा हात वायला होता. तो गेला. त्याला आता कुठला पाना लावू?"

आई रडायची थांबली. आप्पांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"तुला आठवतो ना गं माजा हात? कसा होता?"

आई त्यांच्या मागून मला मानेनं नाही नाही म्हणत होती. तिला काय उत्तर हवं होतं ते मला कळत होतं. मला ते देताही आलं असतं, इतकी वर्षं देतच होते. पण मला तो हात खरंच आठवला. आम्ही लहान असताना नाक्यावर हायवे ओलांडताना आप्पा आम्हा दोघांची मनगटं धरायचे. पलीकडे पोचलं की मनगटावर चार बोटांचे लाल वळ उठलेले असायचे. दुखायचं, पण हायवेची भीती वाटायची नाही. मी आणि दिनू हात शेजारी धरून बघायचो, कुणाचे जास्त लाल आहेत.

"जड होता, आप्पा," मी म्हटलं. "लई जड होता."

आईनं तोंडाला पदर लावला. आप्पांनी पाना पिंपावर ठेवला. मला वाटलं आता हा माणूस कोसळेल, आणि मी पकड सोडून पुढे झाले. पण त्यांनी फक्त खूप वेळ आत धरून ठेवलेला श्वास सोडला.

"जो आला तो मला सांगून गेला, तुमचा दोस नाय," ते म्हणाले. "आमी आपलं मान हलवायची. मला एकट्यालाच म्हायती होतं. एकट्यानं धरवत नव्हतं गं."

मी ओसरीच्या पायरीवर टेकले, आणि ते येऊन माझ्याशेजारी बसले.